भौतिकशास्त्राच्या तासाला आभासी प्रयोगशाळा कशी वापरावी

नववीला 'धाराविद्युत' हा पाठ सुरू करताना मी फळ्यावर एकच आकृती काढतो: एक घट आणि त्याला एकसर, म्हणजे एकामागोमाग एक, जोडलेले दोन सारखे दिवे. कोणता दिवा अधिक प्रखर पेटेल, असे विचारले की बरेच हात घटाच्या धन टोकाजवळच्या दिव्यासाठी वर होतात. कारणही ठरलेले असते. पहिल्या दिव्याने वीज वापरून टाकली, म्हणून दुसऱ्याच्या वाट्याला कमी आली, असे मुले सांगतात. हा गैरसमज नुसत्या समजावण्याने जात नाही, आणि खरी अडचण अशी की तो प्रत्यक्ष प्रयोगानेही सहजासहजी जात नाही. दुकानातून आणलेले टॉर्चचे दोन बल्ब कधी तंतोतंत सारखे नसतात. एक किंचित पांढरा पेटतो, दुसरा पिवळसर पेटतो, आणि योगायोगाने धन टोकाकडचा बल्ब उजळ निघाला, तर 'बघा सर, मी म्हटलं होतं ना' असे म्हणत विद्यार्थी आपली चुकीची कल्पना अधिकच घट्ट धरून बसतो.

आभासी प्रयोगशाळेत, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरच्या प्रयोगात, मात्र दोन्ही दिवे खरोखरच सारखे असतात. परिपथात (सर्किटमध्ये) कुठेही अमीटर (विद्युतधारा मोजणारे उपकरण) जोडला तरी तोच आकडा दिसतो, आणि घटापासून निघून पुन्हा घटाकडे येणारे इलेक्ट्रॉन पडद्यावर एकाच वेगाने सरकताना दिसतात. संकल्पना झाकून टाकणारी प्रत्यक्षातली धूळ पडदा पुसून काढतो. ती धूळ हाही भौतिकशास्त्राचाच भाग आहे, आणि ती पाहायला, मोजायला व हाताळायला प्रयोगशाळेच्या टेबलाशीच जावे लागते. म्हणून या लेखात पडदा आणि टेबल या दोहोंना एकाच पाठात कसे बसवावे हे मी माझ्या अनुभवावरून सांगणार आहे. दोहोंमधला फरक विद्यार्थ्याने स्वतः शोधावा आणि त्याचे कारण स्वतः द्यावे, हा या पद्धतीचा गाभा आहे.

कोणती साधने हाताशी आहेत

शाळेच्या पातळीवर मला सर्वाधिक उपयोगी पडलेला संच म्हणजे अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील 'फेट' प्रकल्पाची सिम्युलेशने. बोस-आइनस्टाइन संघनन (अतिथंड अणू एकच अणू असल्यासारखे वागतात ती अवस्था) प्रत्यक्षात घडवून दाखवल्याबद्दल २००१ चे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्यांपैकी एक असलेले कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. ज्या संघननाच्या नावात सत्येंद्रनाथ बोस यांचे नाव आहे, त्याच विषयात पारितोषिक मिळवणाऱ्या शास्त्रज्ञाला शाळकरी मुलांच्या परिपथांची काळजी वाटावी, ही गोष्ट मी वर्गात आवर्जून सांगतो. ही सिम्युलेशने विनामूल्य आहेत, त्यांतील अनेक मराठीत उपलब्ध आहेत आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात.

दुसरे साधन म्हणजे अमृता विश्वविद्यापीठ आणि सी-डॅक यांनी मिळून तयार केलेल्या 'ओलॅब्स'. येथे नववी ते बारावीच्या अभ्यासक्रमातले नेमके प्रयोग आहेत. प्रत्येक प्रयोगाला उपपत्ती, कृती, चित्रफीत, सिम्युलेटर आणि तोंडी परीक्षेचे प्रश्न अशी मांडणी आहे. 'फेट'मध्ये मोकळा शोध घेता येतो, तर 'ओलॅब्स'मध्ये ठरलेला प्रयोग पायरी पायरीने करता येतो. एक साधन दुसऱ्याच्या जागी वापरले की तास फसतो. पदवी आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारचा 'व्हर्च्युअल लॅब्स' प्रकल्प आहे. त्याचे समन्वयन दिल्लीच्या आयआयटीकडे असून पुण्याचे पूर्वीचे अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे आताचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठही त्यात सहभागी आहे. शाळेत त्याची गरज सहसा पडत नाही.

तासाच्या आधीची तयारी

सिम्युलेशन आदल्या दिवशी संपूर्णपणे स्वतः खेळून पाहावे. मी हे केवळ औपचारिकता म्हणून सांगत नाही. प्रत्येक बटण दाबून पाहावे, प्रत्येक सरकपट्टी दोन्ही टोकांपर्यंत नेऊन पाहावी आणि विद्यार्थी काय काय बिघडवू शकतील याची स्वतःच आधी नोंद करावी. 'फेट'च्या एकदिश परिपथ संचात विद्युतधारा फार वाढली की घटाला आग लागलेली दिसते. ती कोणत्या जोडणीला लागते हे शिक्षकाला आधी ठाऊक असेल, तर वर्गात उठणाऱ्या गोंधळाचा त्याला उपयोग करून घेता येतो.

फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी. ग्रामीण भागातच नव्हे, शहरातही ऐन तासाला नेट जाणे नवीन नाही, आणि एकदा वर्गाचा वेग मोडला की तो त्या दिवशी पुन्हा येत नाही. मराठी आवृत्ती वापरत असाल, तर तिच्यातले पारिभाषिक शब्द पाठ्यपुस्तकातल्या शब्दांशी ताडून पाहावेत. पुस्तकात 'विभवांतर' असेल आणि पडद्यावर 'व्होल्टेज' असेल, तर तासाच्या सुरुवातीलाच दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहून ठेवावेत.

संगणक किती आहेत यावर तासाची रचना ठरते. संगणककक्षात तीन विद्यार्थ्यांमागे एक यंत्र ही मला सर्वांत योग्य व्यवस्था वाटते. एकाने माउस धरावा, दुसऱ्याने निरीक्षणतक्ता भरावा, तिसऱ्याने पुढचे वाचन काय येईल ते आधी बोलून दाखवावे, आणि दर दहा मिनिटांनी कामे बदलावीत. कामे बदलली नाहीत, तर माउस ज्याच्या हातात पहिल्यांदा जातो त्याच्याकडेच तो शेवटपर्यंत राहतो, आणि बहुतेक वर्गांत ती व्यक्ती मुलगी नसते. ही बाब शिक्षकाने डोळ्यांत तेल घालून पाहिली पाहिजे. एकच प्रोजेक्टर किंवा एकच लॅपटॉप असेल, तरी हरकत नाही. त्या वेळी शिक्षकाने स्वतः माउस न धरता विद्यार्थ्याला पुढे बोलवावे आणि बाकीच्या वर्गाने त्याला 'आता हे जोड', 'आता ते काढ' अशा सूचना द्याव्यात.

आधी अंदाज, मग पडदा

कोणत्याही आभासी प्रयोगाआधी विद्यार्थ्याने आपला अंदाज वहीत शाईने लिहिला पाहिजे, हा माझ्या वर्गातला न मोडणारा नियम आहे. पेन्सिलीने लिहिलेला अंदाज उत्तर दिसल्यावर पुसला जातो आणि त्यासोबत शिकण्याची संधीही पुसली जाते. अंदाजासोबत एका ओळीत कारणही हवे. अंदाज चुकला म्हणून गुण कापायचे नाहीत, कारण दिले नसेल तर मात्र वही परत करायची.

त्यानंतर पाच मिनिटे पूर्ण मोकळीक द्यावी. या पाच मिनिटांत मुले हमखास घटाची दोन टोके तारेने थेट जोडतात, आग पाहून ओरडतात, संचातल्या वस्तूंमधले कुत्रा आणि नाणे परिपथात घालून पाहतात. शिक्षकाला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, मलाही सुरुवातीला वाटत असे. पण हीच हौस आधी भागली नाही, तर पुढचा सगळा तास विद्यार्थी चोरून तेच करत बसतो. पाच मिनिटांनंतर विचारायचा पहिला प्रश्न तयार असतो: आग कधी लागली, आणि तशाच जोडणीत मध्ये एक दिवा असता तर का लागली नाही? लघुपरिपथन (शॉर्ट सर्किट) हा शब्द त्यानंतर आला की तो वहीत नुसता उतरून पडत नाही.

एक पाठ जवळून

आता एकसर आणि समांतर जोडणीचा पाठ मी कसा घेतो ते आकड्यांसह सांगतो. 'फेट'च्या संचात घट ९ व्होल्टचा आणि दिव्याचा रोध १० ओहमचा येतो. एक दिवा जोडला की धारा ०.९ अँपिअर. दुसरा दिवा एकसर जोडण्याआधी अंदाज लिहून घ्यायचा. काही जण ०.९ च राहील म्हणतात, काही जण पहिल्यात ०.९ आणि दुसऱ्यात त्याहून कमी म्हणतात. मग जोडायचे. आकडा ०.४५ येतो आणि तो परिपथातील प्रत्येक ठिकाणी ०.४५ च असतो, घटाच्या आधी, दोन दिव्यांच्या मध्ये आणि शेवटीही. इथे मी थांबतो आणि कोणत्याही विद्यार्थ्याला अमीटर आपल्याला हवा तिथे न्यायला सांगतो. ज्याचा अंदाज चुकला आहे तो हमखास घाईने अमीटर दोन दिव्यांच्या मध्ये नेतो. त्याच्या चेहऱ्यावरचा बदल पाहण्यासाठीच मी हा पाठ दरवर्षी तितक्याच उत्सुकतेने घेतो.

दोन दिवे समांतर, म्हणजे घटाला वेगवेगळ्या फांद्यांनी, जोडले की प्रत्येक फांदीत ०.९ आणि घटातून १.८ अँपिअर धारा वाहते. पहिल्या दिव्याची प्रखरता जराही बदलत नाही. घरात एक दिवा लावला की दुसरा मंद का होत नाही, याचे उत्तर येथे मिळते. पण लगेच कोणीतरी विचारतो की आमच्याकडे पाण्याचा पंप सुरू झाला की दिवे मंद होतात, ते का? हा प्रश्न आला नाही, तर शिक्षकाने तो स्वतः विचारावा, कारण पुढची पायरी त्यावरच उभी आहे. संचातील प्रगत पर्यायांमध्ये घटाचा अंतर्गत रोध बदलता येतो. तो १ ओहम करावा. एका दिव्याला आता ०.८२ अँपिअर मिळतात आणि घटाच्या टोकांमधील विभवांतर ८.१८ व्होल्ट होते. दुसरा दिवा समांतर जोडताच एकूण धारा १.५ अँपिअर होते, विभवांतर ७.५ व्होल्टपर्यंत उतरते आणि प्रत्येक दिव्याच्या वाट्याला ०.७५ अँपिअर येतात. पहिला दिवा डोळ्यांदेखत मंद होतो. हे आकडे विद्यार्थ्यांनी आधी गणिताने काढावेत, नंतर पडद्यावर पडताळावेत. खांबापासून घरापर्यंतच्या तारांचा रोध ही गोष्ट मग सांगावी लागत नाही, दुसऱ्या बाकावरून कोणीतरी ती सांगतोच.

या पाठाला माझ्या वर्गात दोन तास लागतात. दुसऱ्या तासाच्या उत्तरार्धात आम्ही पडदा बंद करून टेबलाशी जातो: दोन सेल, टॉर्चचे बल्ब, होल्डर, प्लग की, अमीटर, व्होल्टमीटर आणि तारा.

टेबलावर काय वेगळे घडते

एका वर्षी परीक्षा जवळ आली म्हणून ओहमच्या नियमाचा प्रयोग मी फक्त पडद्यावर उरकला. वाचने सुंदर आली, आलेख सरळ आला, जर्नल पूर्ण झाले. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी मात्र एका गटाचा अमीटर जागचा हलेना. सगळी जोडणी आकृतीप्रमाणे बरोबर होती. अर्ध्या तासाने लक्षात आले की इनॅमलचा विद्युतरोधक लेप असलेल्या तारेची टोके काचकागदाने घासलेलीच नव्हती. पडद्यावरची तार नेहमीच वाहक असते, त्यामुळे तार घासावी लागते हे त्या मुलांना कळायला कधी संधीच मिळाली नव्हती. ती चूक त्यांची नव्हती, माझी होती. तेव्हापासून आभासी प्रयोगाच्या जोडीला टेबल नसेल, तर तो प्रयोग झाला असे मी धरत नाही.

टेबलावर आल्यावर विद्यार्थ्यांना एकच काम द्यावे. पडद्यावरच्या वाचनाशेजारी खरे वाचन लिहायचे आणि फरकापुढे कारण लिहायचे. सोनेरी पट्ट्याचा १० ओहमचा रोधक प्रत्यक्षात ९.५ ते १०.५ ओहमच्या दरम्यान कुठेही असू शकतो, कारण पाच टक्क्यांची मुभा त्या पट्ट्यानेच जाहीर केलेली असते. अमीटरचा काटा शून्यावर नसेल, तर शून्य त्रुटी आली. होल्डरमध्ये बल्ब पूर्ण बसला नसेल, तर धारा येते-जाते. सेल जुना असेल, तर वाचन घेता घेता खाली सरकते. यातील एकही गोष्ट सिम्युलेशन आपणहून शिकवत नाही.

यांतला सर्वांत रंजक फरक बल्बाचा. 'फेट'मधील नेहमीच्या दिव्याचा रोध स्थिर असतो, म्हणून त्याचा विभवांतर-धारा आलेख सरळ रेषेत येतो. खऱ्या बल्बातली टंगस्टनची तार तापली की तिचा रोध कित्येक पटींनी वाढतो. २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअर असे लिहिलेला टॉर्चचा बल्ब घ्यावा. पेटलेला असताना त्याचा रोध भागाकाराने सुमारे ८.३ ओहम येतो, पण तोच बल्ब थंड असताना मल्टिमीटरने मोजला तर आकडा त्यापेक्षा फारच कमी दिसतो. विद्यार्थ्यांना आधी वाटते की मल्टिमीटर बिघडला. मग ऱ्हिओस्टॅटने (रोध कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाने) धारा हळूहळू वाढवत सहा-सात वाचने घेऊन आलेख काढला की रेषा वाकलेली दिसते, आणि ओहमच्या नियमात 'भौतिक अवस्था कायम असताना' ही अट का घातली आहे, हे पुस्तक न उघडता समजते. पडद्यावरचा सरळ आलेख आणि टेबलावरचा वाकडा आलेख एकाच पानावर शेजारी चिकटवून घ्यावेत. माझ्या मते आभासी प्रयोगशाळेचा यापेक्षा चांगला उपयोग नाही.

या संदर्भात एका अभ्यासाचा उल्लेख करायला हवा. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोलोराडो विद्यापीठातील अभ्यासात एका गटाने परिपथांचा प्रयोग खऱ्या साहित्याने केला, तर दुसऱ्याने सिम्युलेशनने. पुढे संकल्पनांवरच्या प्रश्नांत आणि खरा परिपथ जोडून त्याचे स्पष्टीकरण देण्यातही सिम्युलेशनचा गट सरस ठरला. हा निष्कर्ष दाखवून 'आता प्रयोगशाळेच्या साहित्यावर खर्च कशाला' असे म्हणणारे भेटतात. त्या अभ्यासातही शेवटी परीक्षा घेतली गेली ती खऱ्या तारांवर, हे त्यांना शांतपणे सांगावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही आभासी प्रयोगशाळांचा उल्लेख सर्व विद्यार्थ्यांना प्रयोगाधारित शिक्षणाची समान संधी मिळावी म्हणून आला आहे. कपाटाला कायमचे कुलूप लावण्याची सवलत म्हणून तो वाचता येत नाही.

सरल दोलक: पडदा कुठे पुढे, टेबल कुठे पुढे

दोलकाच्या सिम्युलेशनमध्ये लांबी, वस्तुमान, घर्षण आणि गुरुत्व बदलता येते. १ मीटर लांबीच्या दोलकाचा दोलनकाल, म्हणजे एका पूर्ण दोलनाला लागणारा वेळ, २.०१ सेकंद येतो. लांबी पाव मीटर केली की तो निम्मा होतो. वस्तुमान बदलले तर काहीच बदलत नाही. चंद्रावर नेले की तोच दोलक एका दोलनाला सुमारे ४.९ सेकंद घेतो. 'फेट'मध्ये एक अज्ञात ग्रहही दिलेला आहे. त्याचे गुरुत्व त्वरण शोधून काढा, एवढीच सूचना देऊन वर्ग मोकळा सोडावा, आणि उत्तर शिक्षकाने शेवटपर्यंत सांगू नये. ज्या गटांची उत्तरे जुळत नाहीत, त्यांनी एकमेकांच्या वह्या तपासाव्यात.

पडदा आणखी एका ठिकाणी टेबलाच्या पुढे जातो. पुस्तकात 'आयाम (दोलक बाजूला नेण्याचे प्रमाण) लहान असावा' असे लिहिलेले असते, पण किती लहान, हे कोणी विचारत नाही. सिम्युलेशनमध्ये दोलक ६० अंशांवरून सोडून पाहावा. दोलनकाल सुमारे सात टक्क्यांनी वाढतो, म्हणजे २.०१ ऐवजी २.१५ सेकंद. १० अंशांवर हीच वाढ एक हजारांशात दोन भागांइतकीच असते. हे टेबलावर करून दाखवणे कठीण, कारण मोठ्या आयामावर हवेच्या रोधाने आयाम झपाट्याने घटतो.

टेबलाची पाळी आली की मात्र स्टॉपवॉच दाबणारा अंगठा हेच मुख्य उपकरण ठरते. डोळ्याने पाहून बटण दाबायला साधारण ०.२ सेकंद लागतात. एकाच दोलनाची वेळ मोजली तर ही त्रुटी दहा टक्क्यांच्या घरात जाते, पण २० दोलनांची वेळ मोजून २० ने भागले की एका दोलनामागे ती ०.०१ सेकंदावर येते. 'वीस दोलने का घ्यायची' या तोंडी परीक्षेतल्या प्रश्नाला 'पुस्तकात तसे दिले आहे' हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे. ज्याने आधी एक दोलन मोजून चुकीचे उत्तर काढले आहे, तो असे उत्तर देत नाही.

अकरावीच्या वर्गासाठी आणखी एक पायरी सुचवतो. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते, पण घाईत मुले हुकापर्यंतच मोजतात. दोन सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्यात ही चूक एक सेंटिमीटरहून थोडी अधिकच होते, आणि एक मीटरच्या दोलकात त्यामुळे गुरुत्व त्वरण सुमारे एक टक्क्याने कमी येते. पण हीच वाचने घेऊन दोलनकालाचा वर्ग आणि लांबी यांचा आलेख काढला, तर रेषा आरंभबिंदूतून जात नाही, तरीही तिच्या चढावरून काढलेले त्वरण योग्य येते. एका सूत्रात एक वाचन घालण्यापेक्षा आलेख काढणे का श्रेष्ठ, हे सिद्ध करायला मला यापेक्षा सोपे उदाहरण सापडलेले नाही. पडद्यावर हुक नसतो, म्हणून ही चूक तिथे घडतच नाही.

भिंगे आणि मोबाइल

बहिर्वक्र भिंगाच्या बाबतीत पडद्याचा वापर मी थोडाच करतो. वस्तू नाभीच्या आत आणली की प्रतिमा कुठे जाते, हे किरणाकृती हलताना पाहिल्याने पटकन समजते, तेवढे दहा मिनिटांत दाखवून पडदा बंद करावा. खिडकीसमोर भिंग धरून वहीच्या कोऱ्या पानावर समोरचे झाड उलटे उमटवण्यात जो आनंद आहे तो पडद्यावर नाही. टाचण्या वापरून पराशय काढणे, म्हणजे डोळा डावी-उजवीकडे हलवला तरी टाचणी आणि प्रतिमा एकमेकींना चिकटून राहतील अशी जागा शोधणे, हे तर डोळ्यानेच शिकायचे कौशल्य आहे.

मोबाइल मात्र टेबल आणि पडदा यांच्या मधली जागा घेतो. जर्मनीतील आखेन तंत्रविद्यापीठाने तयार केलेले 'फायफॉक्स' हे विनामूल्य ॲप फोनमधल्या संवेदकांनाच मोजमापाचे साधन बनवते. त्यातील ध्वनी-स्टॉपवॉच वापरून ध्वनीचा वेग मोजता येतो. दोन फोन पाच मीटर अंतरावर ठेवावेत, प्रत्येकाजवळ एकेक विद्यार्थी उभा करावा. पहिल्याने टाळी वाजवली की दोन्ही फोनची घड्याळे सुरू होतात, दुसऱ्याने वाजवली की दोन्ही थांबतात. दोन्ही वाचनांतला फरक म्हणजे ध्वनीला दुप्पट अंतर, म्हणजे १० मीटर, कापायला लागलेला वेळ. तो साधारण ०.०२९ सेकंद येतो. हा प्रयोग मैदानावर करावा, कारण वर्गात बाकांचे आणि शेजारच्या वर्गाचे आवाज घड्याळे आधीच सुरू करतात.

ज्या प्रयोगांची शाळेत सोयच नाही, तिथे आभासी साधनाचा संकोच करू नये. सोन्याच्या पत्र्यावर आदळणारे अल्फा कण किंवा डब्यातील वायूच्या रेणूंची धडपड कोणत्याही शाळेच्या टेबलावर दिसणार नाही. अशा ठिकाणी मात्र आपण प्रयोग पाहत नसून एका सिद्धान्ताचे चित्र पाहत आहोत, हे विद्यार्थ्याला स्पष्टपणे सांगावे.

दोन गोष्टी न विसरता सांगाव्यात

पहिली सुरक्षेची. पडद्यावर हात परिपथात घालता येतो, घटाला आग लागते आणि एका बटणाने सगळे पूर्ववत होते. घरातील सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात आणि तिथे पूर्ववत करण्याचे बटण नसते. वर्गातील प्रयोग फक्त सेलवरच होतील, हे वाक्य मी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहितो आणि पाठ संपेपर्यंत पुसत नाही.

दुसरी चित्राच्या मर्यादेची. पडद्यावरचे इलेक्ट्रॉन म्हणजे निळे गोळे आहेत आणि ते सहज दिसावेत इतक्या वेगाने धावतात. तांब्याच्या घरगुती तारेत इलेक्ट्रॉनांचा सरासरी अपवाह वेग (पुढे सरकण्याचा वेग) सेकंदाला एका मिलिमीटरपेक्षाही कमी असतो. मग बटण दाबताच दिवा लगेच कसा पेटतो, हा प्रश्न नववीच्या मुलाने विचारला, तर पाठ खोलवर पोहोचला असे समजावे. तारेत इलेक्ट्रॉन आधीपासूनच भरलेले असतात आणि विद्युतक्षेत्र जवळजवळ तत्क्षणी संपूर्ण परिपथात पोहोचते, हे उत्तर पाण्याने आधीच भरलेल्या नळीच्या उदाहरणाने सांगता येते.

वही, गुण आणि प्रामाणिकपणा

आभासी वाचने जर्नलमध्ये खऱ्या प्रयोगाची म्हणून उतरवण्याची सवय एकदा लागली की ती सुटत नाही, आणि तिचा दोष विद्यार्थ्यापेक्षा ते खपवून घेणाऱ्या शिक्षकाकडे अधिक जातो. म्हणून पडद्यावरच्या प्रत्येक निरीक्षणतक्त्याच्या वर 'आभासी' असा शब्द लिहायला सांगावा आणि त्याशेजारी साधनाचे नाव व दिनांक लिहून घ्यावा. खऱ्या वाचनांत थोडा विखुरलेपणा असणारच. पाचही वाचने दशांशापर्यंत जुळलेली दिसली, तर मी गुण देण्याआधी तो प्रयोग माझ्यासमोर पुन्हा करून घेतो.

गुणांची विभागणी करताना अंतिम उत्तराला मी सर्वांत कमी वजन देतो. अंदाज व त्याचे कारण, पडदा आणि टेबल यांच्यातील फरकाचे स्पष्टीकरण, आणि बिघडलेला परिपथ दुरुस्त करणे, या तिन्हींना त्याहून जास्त. शेवटच्या कामासाठी मी स्वतः एक परिपथ मुद्दाम बिघडवून ठेवतो: कधी तारेचे एक टोक न घासलेले, कधी सेल उलटा बसवलेला, कधी व्होल्टमीटर एकसर जोडलेला. प्रत्येक गटाला सात मिनिटे आणि एक मल्टिमीटर मिळतो. बिघाड कुठे आहे हे सांगण्याआधी तो कसा शोधला हे सांगायचे असते. मागच्या वर्षी एका मुलीने होल्डरमधला बल्ब काढला, त्याच्या तळाचा शिशाचा ठिपका रुमालाने पुसला, पुन्हा बसवला आणि दिवा पेटल्यावर मला म्हणाली, "सर, हे कॉम्प्युटरवर पुसता आलं नसतं."